रुंद टायर बसवण्याची सोपी पद्धत : फक्त नवशिक्यांसाठी

आधी गाडीच्या मागे दहा पावलं जाऊन उभे राहा आणि चाकांकडे बघा. टायर बारीक वाटतायत? झालं, निदान पूर्ण. यापेक्षा जास्त तपासणी या मार्गदर्शिकेत कुठेच करायची नाही.

उदाहरणाला टोयोटाची जीटी ८६ घेऊ. टोयोटा आणि सुबारूने मिळून केलेली ही छोटी स्पोर्ट्स कार २०१२ साली बाजारात आली आणि भारतात कधी विकलीच गेली नाही, त्यामुळे इथे कुणाच्या भावना दुखावण्याचा प्रश्न येत नाही. वजन साधारण साडेबाराशे किलो, इंजिन २०० हॉर्सपॉवरचं, ताकद मागच्या चाकांना. आणि टायर? २१५/४५ आर १७. त्यातही कंपनीने निवडलेला मिशेलिन प्रायमसी एचपी हा टायर प्रियसलाही मिळायचा. प्रियस म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर जाते, यावर जिची सगळी कीर्ती उभी आहे ती गाडी. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या चमूने हे मुद्दाम केलं होतं. पकड बेताची ठेवली की गाडी कमी वेगातच अलगद घसरायला लागते आणि चालवणाऱ्याला तिच्याशी खेळता येतं. नवशिक्याने असल्या लोकांचं ऐकायचं नसतं.

आता आकडे. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ म्हणजे त्या रुंदीच्या ४५ टक्के साइडवॉलची उंची, १७ हा रिमचा व्यास इंचांत. मिलिमीटर, टक्के आणि इंच एकाच टायरवर सुखाने नांदतात. २१५ ही जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्याची रुंदी आहे असं खुशाल धरून चाला. प्रत्यक्षात ती एका साइडवॉलपासून दुसऱ्या साइडवॉलपर्यंतची असते, तीही नावापुरती. टायर एका ठरावीक मापाच्या रिमवर चढवून हवा भरली की साधारण तेवढी भरते. रिम अर्ध्या इंचाने बदललं की तोच टायर सुमारे पाच मिलिमीटरने फुगतो किंवा आकसतो. हे वाक्य विसरलात तरच पुढच्या पायऱ्या जमतील.

या गाडीच्या रिमवर ७जे असं लिहिलेलं असतं. सात इंच रुंदी, आणि जे हे रिमच्या कडेच्या आकाराचं अक्षर. ही रुंदी आतून मोजतात, म्हणजे टायरचे दोन बीड, रिमला धरून बसणाऱ्या त्याच्या आतल्या कडा, जिथे बसतात तिथून. बाहेरच्या कडांना टेप लावली की जवळपास आठ इंच भरतात. तुम्ही बाहेरूनच मोजा. एक इंच फुकट मिळतो.

आता खरेदी. आपल्याला घ्यायचा आहे २४५/४० आर १७. हिशेब करून बघा, मूळ टायरचा व्यास ६२५.३ मिलिमीटर आणि याचा ६२७.८. अडीच मिलिमीटरचा फरक, स्पीडोमीटरलाही पत्ता लागणार नाही. नशीब उघडलं असं वाटतं ते इथेच, आणि नवशिके इथेच कॅल्क्युलेटर बंद करतात. टायर कंपन्यांच्या तक्त्यात या मापापुढे रिमची रुंदी ८ ते ९.५ इंच दिलेली असते, म्हणून तक्ता उघडूच नका. त्याच तक्त्यात २२५/४५ आर १७ ला ७ ते ८.५ इंच चालतं, म्हणजे आपल्या सात इंचांवर तो जेमतेम, काठावर पास होतो. शिवाय त्याचं मोजमापाचं रिम साडेसात इंचांचं, त्यामुळे पैसे २२५चे द्यायचे आणि घरी आणायचे २२०. हा व्यवहार फार शहाण्या माणसांसाठी आहे.

टायरवाल्याला विचारा, "बसेल ना?"

"बसवू की साहेब. रबरच आहे."

बसतो. हवा भरली की साइडवॉल रिमच्या बाहेर फुगून येते आणि मागून बघणाऱ्याचं समाधान होतं. ट्रेड मधोमध किंचित उंचावतो, भार मध्यावर येतो, कडा हलक्या टेकतात, म्हणजे ज्या रुंदीचे पैसे दिले तीच कमी वापरली जाते. वळणावर स्टिअरिंग फिरवल्यावर आधी रिम वळतं, मग आदेश साइडवॉलकडे जातो, तिथे सरकारी फाइलसारखा थोडा पडून राहतो आणि मग ट्रेडपर्यंत पोचतो. गाडी वळते, पण अर्ज केल्यासारखी. पावसात रुंद टायर पाण्यावर लवकर तरंगतो, हे वेगळंच.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेत एससीसीए या संस्थेच्या ऑटोक्रॉस स्पर्धांत स्ट्रीट गटात रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, टायर मात्र बदलता येतो. तिथली मुरलेली मंडळी अरुंद रिमवर रुंद टायर दाबून बसवतात आणि कित्येकदा त्यावर जिंकतातही. जास्तीचं रबर उपयोगी पडतं आणि साइडवॉलची लडबड हवेचा दाब वाढवून आटोक्यात ठेवता येते. पण ते मिनिटभराच्या फेरीसाठी झगडतात, घड्याळ लावून. तुम्हाला ऑफिसला जायचंय.

काहींची हौस उलटी असते, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवायचा. साइडवॉल आतल्या बाजूला तिरपी होते, रिमची कड उघडी पडते आणि खड्डा थेट तिच्यावर येतो. हवा थोडी उतरली तर बीड जागा सोडू शकतो. ताणलेला टायर रिमवर चढवताना बीड बसेना, तर काही जण ज्वालाग्राही फवारा मारून पेटवतात. त्या वेळी तुम्ही रस्त्याच्या पलीकडे चहा घेत असावं.

स्पेसर, ऑफसेट, घासणारं फेंडर हे सगळं पुढच्या वर्गात. त्या वर्गात आठ इंचांचं रिम आधी घेतात आणि टायर नंतर. एवढ्या क्रमापायी तिथे गर्दी नसते.

जुने चार टायर मात्र विकू नका, जिन्याखाली उभे करून ठेवा. नव्यांची मधली झीज काठाच्या पुढे गेली की तेच परत चढवायचे आहेत.