फ्रीजरमधली बाहुली

"अहो नलूताई, ऐकलंत का? कोपऱ्यावरच्या काकूंच्या फ्रीजरमध्ये बाहुली आहे!"

"बाहुली?"

"देवाशप्पथ! काल विरजण मागायला गेले, तर म्हणाल्या, थांब, पन्हं घेऊन जा, जरा बर्फ काढ. उघडते तर काय, मटारच्या पिशवीशेजारी प्लास्टिकात गुंडाळलेली ही बया! ट्रे सुटलाच हातातून."

"कसर लागली असेल. लोकरीला, फेल्टला हमखास लागते. डांबरगोळ्यांचा वास जाता जात नाही, म्हणून पिशवीत घट्ट बांधून पंधरा दिवस गारठवायचं. अळ्या मरतात."

"तुम्हाला बरं ठाऊक!"

"ऐकलंय कुठंतरी. पुढं सांगा."

"पुढं काय, कपाटच उघडून बसल्या. लेक जर्मनीत ना, ती तिथल्या जुन्या बाजारातून आणते. सगळ्या कापडाच्या, आणि एकेकीचं चरित्र! म्हणे केटे क्रूझ नावाची बाई होती. १९०५ साली लेकीनं बाहुली मागितली. नवरा शिल्पकार, म्हणाला, दुकानातली नको, तूच कर. हिनं टॉवेलात वाळू भरली आणि डोकं म्हणून लावला बटाटा!"

"बटाटा?"

"आपण रस्सा केला असता! तिनं पुढं १९१० साली बर्लिनच्या दुकानात बाहुल्या मांडल्या आणि नाव काढलं. मग इटलीतल्या तुरिनच्या लेंची बाहुल्या. फेल्ट साच्यात दाबून चेहरा करायचे. नजर तिरकी, थेट आमच्या धाकट्या जावेसारखी. आणि युक्रेनची मोटांका, तिला सुई लावायची नाही, नुसत्या चिंध्या गुंडाळून दोऱ्यानं बांधायच्या. तोंडच नाही तिला!"

"तुमच्या सासूबाईंना हवी होती अशी सून."

"गप्प बसा! ब्रिटिश म्युझियममध्ये तर म्हणे इजिप्तची, रोमन काळातली बाहुली आहे. लिननची, पोटात चिंध्या आणि पपायरस. म्हणजे सगळ्या मुलखांतल्या आया सारख्याच, उरलंसुरलं कापड टाकवत नाही."

"महाग असतील नाही?"

"कोऱ्या, खोक्यातल्या फार महाग. पण काकूंना खेळलेलीच हवी. एकीच्या गालाचा रंग पार उडालाय, आतलं कापड दिसतंय. म्हटलं, रंगवून घ्या. तर माझ्यावरच डाफरल्या. म्हणे, 'कुणा पोरीनं मुके घेऊन घेऊन घालवलाय तो, पुसू कशाला?'"

"खरंय त्यांचं."

"पण ती फ्रीजरमधली कुठली, ते विचारायचंच राहिलं. रशियाची असेल, थंडीची सवय असलेली!"

"जुन्नरची."

"आँ?"

"माझ्या आजीनं केलेली. लुगड्याच्या काठाची, केस लोकरीचे. त्यांनाच कसर लागली. नाक मीच लहानपणी चावून घालवलंय. मंगळवारी आणायची आहे घरी. आणि हे बघा वहिनी, चारचौघींत बोलू नका हं! या वयात बाहुली म्हणून हसतील."

"छे हो, मी कशाला बोलतेय?" असं म्हणत वहिनींनी पदर खोचला आणि त्या पलीकडच्या कुंपणाकडे वळल्या.