गेलिक पार्कचा चित्रगुप्त

परदेशातल्या बहुतेक आयरिश क्लबांत असे एक गृहस्थ असतातच. अध्यक्ष येतात-जातात, खेळाडू दर उन्हाळ्यात बदलतात. हे मात्र एकदा चिटणीस म्हणून बसले की बसलेच. निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध कोणी उभं राहत नाही, कारण इतिवृत्ताच्या सगळ्या वह्या त्यांच्या घरी आहेत.

न्यूयॉर्कमधला नमुना पाहायचा तर रविवारी ब्रॉन्क्समध्ये 240व्या रस्त्यालगतच्या गेलिक पार्कवर जावं. मैदानात गेलिक फुटबॉल चाललेला असतो. दोन्हीकडे पंधरा-पंधरा पोरं. गोलाला तीन गुण, चेंडू दांडीवरून गेला तर सहसा एक. चिटणीसांचं तिकडे लक्ष नसतं. ते फाटकाशी उभे राहून येणाऱ्याला विचारत असतात, "काउंटी कुठली?" मग गाव, मग पॅरिश. चौथ्या प्रश्नापर्यंत नवख्याच्या कुठल्या तरी चुलत्याने हातातला सामना कसा घालवला, ते सांगून झालेलं असतं. ते स्वतः लिट्रिमचे. आयर्लंडमधली सर्वांत कमी वस्तीची काउंटी. कनॉट प्रांताचं अजिंक्यपद तिने 1927 साली मिळवलं आणि त्यानंतर थेट 1994 साली. या दोन तारखा चिटणीसांना स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्क्या ठाऊक आहेत.

क्लबाचा इतिहास विचारावा आणि पुढच्या दोन तासांची सोय करून ठेवावी. सुरुवात थर्ल्सच्या हेज हॉटेलातून. 1 नोव्हेंबर 1884 रोजी तिथे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन स्थापन झाली. त्या सभेला हजर किती होते? सात म्हणणारे आहेत, तेरा म्हणणारे आहेत. "पहिल्याच सभेचा कोरम वादात!" चिटणीस अभिमानाने सांगतात. चारच वर्षांनी संघटनेने पन्नासेक खेळाडू अमेरिकेला नेले; खेळ दाखवायचे आणि पैसा उभा करायचा, असा बेत होता. पैसा उभा राहिला नाही. मायकल डेव्हिट या पुढाऱ्याकडून उसने घेऊन दौऱ्याची निस्तरानिस्तर करावी लागली, आणि बरेच खेळाडू अमेरिकेतच राहिले. "म्हणजे बघा, माणसं इकडे आणि देणी तिकडे. तीच पद्धत आम्ही पुढे चालवली."

1947च्या सामन्यापाशी त्यांचा आवाज चढतो. भीषण दुष्काळातल्या 1847 या काळ्या वर्षाला शंभर वर्षं झाली, म्हणून अखिल आयर्लंड फुटबॉलची अंतिम लढत न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाली. मैदान बेसबॉलचं, पिचरचा उंचवटा तसाच. कॅव्हनने केरीला हरवलं, 2-11 विरुद्ध 2-7 (आधी गोल, मग दांडीवरचे गुण). सामना उशिरा सुरू झाला आणि मायदेशी समालोचन पोहोचवणाऱ्या लाइनीची मुदत संपत आली. समालोचक मिहॉल ओ'हेहिर यांनी बोलता बोलताच आणखी पाच मिनिटांची विनवणी केली, आणि लाइन तुटली नाही. हा प्रसंग चिटणीस असा रंगवतात, की ती पाच मिनिटं त्यांनीच मंजूर करून आणली असावीत. त्यांचा जन्म त्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाला, ही बाब सभेपुढे घ्यायची नसते. त्या दिवशी मैदानात पस्तीस हजारांच्या आसपास माणसं होती. "आज अख्ख्या लिट्रिमची लोकसंख्या तेवढीच आहे," ते म्हणतात आणि क्षणभर थांबून पुढचं पान उलटतात.

पुढची पानं मात्र ते जरा भराभर उलटतात. ऐंशीच्या दशकात मोठ्या सामन्यांसाठी मायदेशातले नामांकित गडी वीकएंडपुरते विमानाने यायचे, रविवारी खेळायचे आणि परत जायचे. कित्येकदा यादीत नाव भलत्याचंच असायचं. नेमकी तिथेच चिटणीसांचं सुवाच्य अक्षर गिचमिड झालेलं आहे.

चिटणीसांची खरी पंचाईत निराळीच आहे. मायदेशी बरे दिवस आले की क्लबावर वाईट दिवस येतात. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये सुबत्ता आली, पोरं घरी राहू लागली आणि इथे पंधरा गडी जमवताना नाकी नऊ आले. 2008ची मंदी आली तेव्हा चिटणीसांनी तोंडाने हळहळ व्यक्त केली आणि नव्या जर्सींची ऑर्डर दिली. आता भरवसा ब्रॉन्क्स आणि यॉंकर्समध्ये जन्मलेल्या पोरांवर. त्यांना फाटकावर काउंटी विचारली की ती इथलीच सांगतात, "वेस्टचेस्टर." हेही चिटणीस वहीत लिहून घेतात, पण पेन्सिलीने.

त्या वह्यांत सामन्याच्या निकालाला एक ओळ आणि हरकत, अपील, फेरअपील यांना पानंच्या पानं. एवढी भांडणं जपून काय करायचं, असं कोणी विचारलं तर चिटणीस चकित होतात. "अरे, निकाल काय, कुठेही छापून येतो. आपल्या बाजूने भांडायला कोण कोण उभं राहिलं, ते कुठे मिळणार?"

न्यूयॉर्कचा संघ 1999 पासून कनॉटच्या स्पर्धेत उतरतो. 2023 उजाडेपर्यंत त्याने एकही सामना जिंकला नव्हता. त्या एप्रिलमध्ये गेलिक पार्कवर जादा वेळेनंतरही बरोबरी झाली, सामना पेनल्टींवर गेला आणि न्यूयॉर्क जिंकलं. लोक मैदानात घुसले, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. समोरचा संघ होता लिट्रिम.

चिटणीसांनी त्या रात्री नियमाप्रमाणे निकालाची एक ओळ लिहिली. त्याखाली लिट्रिमचा सुपुत्र या नात्याने तीन पानी हरकत नोंदवली, आणि न्यूयॉर्कचा चिटणीस या नात्याने ती मुदतीबाहेर म्हणून फेटाळली.