मार्गशीर्षातला नाताळ

डिसेंबर लागला की कोथरूड, ठाणे, डोंबिवली इथल्या मध्यमवयीन माणसांना येशू ख्रिस्ताची फार ओढ लागते. ही ओढ वसईपर्यंत काही पोचत नाही. तिथे पिढ्यानपिढ्या मराठी बोलत नाताळ साजरा करणारी माणसं राहतात, पण जायला व्हिसा लागत नसल्यामुळे त्या नाताळाला वजन नाही. वजन येतं ते शेंगेनच्या शिक्क्याने. आमचाही ग्रुप असाच जर्मनीला निघाला. चार जोडपी, त्यातलेच एक अध्यक्ष, एक खजिनदार आणि एक वहिनी. त्या नेमक्या कोणाच्या वहिनी हे आता कोणालाच आठवत नाही; पण औषधं, मेतकूट आणि धर्म ही तिन्ही खाती त्यांच्याकडे आहेत.

न्युरेंबर्गला पोचलो तो वार गुरुवार. जुन्या चर्चसमोरचा मोठा चौक, त्यात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड ताणलेले लाकडी स्टॉल, भाजलेल्या बदामांचा आणि दालचिनीचा वास, आणि या सगळ्यावर मात करणारा जाळीवरच्या सॉसेजचा धूर. न्युरेंबर्गचं सॉसेज इवलंसं असतं. लांबी 7 ते 9 सेंटिमीटर, वजन 20 ते 25 ग्रॅम, आणि त्याच्या नावाला चक्क युरोपियन युनियनचं संरक्षण. दंतकथा अशी की रात्री खानावळीचं दार बंद झाल्यावरही किल्लीच्या भोकातून गिऱ्हाइकाला सरकवता यावं म्हणून ते एवढं बारीक ठेवलं. तीन सॉसेजेस एका पावात घालून देतात. अध्यक्षांनी आठ बोटं वर केली.

"आज मार्गशीर्षातला गुरुवार आहे," वहिनी म्हणाल्या.

आठही बोटं खाली आली. जाळीमागचा जर्मन माणूस चिमटा हातात धरून थांबला. पुढची पाच मिनिटं त्या चौकात जे धर्मचिंतन झालं, तेवढं समोरच्या चर्चमध्येही झालं नसेल. तोडगा निघाला तो खजिनदारांकडून. ते आयटीतले, सगळी हयात इथले वाजले किती आणि तिथले किती यात गेलेली. ते म्हणाले, "हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे. म्हणजे इथे संध्याकाळी साडेसातला पुण्यात रात्रीचे बारा. शुक्रवार." वार सूर्योदयाला बदलतो, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. त्याला सर्वानुमते गप्प बसवण्यात आलं. वहिनींनी निकाल दिला, "घट पुण्यात मांडलाय, तर वेळही पुण्याचीच धरायची."

साडेसातला दोन तास होते आणि थंडी हाडात शिरत होती. तेवढ्यात ग्लूवाइनचा स्टॉल दिसला. लवंग, दालचिनी, संत्र्याची साल घालून गरम केलेली ही रेड वाइन. "द्राक्षंच ना? मग फलाहार," असं म्हणून वहिनींनी पहिला मग उचलला. वाइनच्या किमतीवर मगाचं डिपॉझिट वेगळं असतं, मग परत केला की ते परत मिळतं. मगावरचं चित्र दर वर्षी बदलतं, त्यामुळे लोक डिपॉझिटवर पाणी सोडून मग घरी नेतात. खजिनदारांनी प्रत्येक घोटाला नव्वदने गुणलं, आणि सगळे मग परत गेलेच पाहिजेत असा ठराव मांडला. वहिनींनी आपला मग पुसून पर्समध्ये टाकला. ठराव उरलेल्यांपुरता मंजूर झाला.

या बाजाराचं उद्घाटन चर्चच्या सज्जातून क्रिस्टकिंड करते. सोनेरी कुरळ्या केसांचा टोप, डोक्यावर मुकुट, अंगात पांढरा-सोनेरी झगा. शहरातली एक तरुण मुलगी दोन वर्षांसाठी या मानाला निवडली जाते. 2019 साली निवडलेल्या मुलीचे वडील मूळचे भारतातले, हे कळल्यावर ग्रुप गहिवरला. ते मराठी आहेत का, याचा शोध लगेच सुरू झाला. मग पुढची हकीकत वाचनात आली. तिची निवड होताच एका कडव्या उजव्या पक्षाच्या जिल्हा शाखेने समाजमाध्यमावर गळा काढला, की एक दिवस आपलंही अमेरिकेतल्या रेड इंडियनांसारखं होणार. गाव मात्र मुलीच्या पाठीशी उभं राहिलं. अध्यक्ष संतापले. "माणसाची लायकी बघायची की बाप कुठला ते बघायचं?" असं त्यांनी सॉसेज चघळत विचारलं. घड्याळात सात एकतीस झाले होते. हे अध्यक्ष आमच्याच सोसायटीचेही अध्यक्ष आहेत. भाडेकरूचं आडनाव आणि स्वयंपाकघर, दोन्हींची चौकशी झाल्याशिवाय तिथे लिफ्टचं बटणही कोणाला दाबू देत नाहीत.

तिथून ड्रेसडेन. इथला श्ट्रिट्झेलमार्क्ट हा नाताळबाजार 1434 पासूनचा. सुरुवात झाली ती नाताळच्या तोंडावर एक दिवस भरणारा मटणाचा बाजार म्हणून. नाताळच्या आधीचे आठवडे उपासाचे. ते संपल्याबरोबर लोकांना घरात मटण हवं, एवढा साधा हिशोब. वहिनींच्या मनात या शहराबद्दल तत्क्षणी आदर निर्माण झाला. श्टोलनची गोष्ट ऐकून तो दुणावला. श्टोलन म्हणजे मनुका-बदाम ठासलेला, वरून पिठीसाखरेत लोळवलेला जाडजूड केक. पण उपासाच्या दिवसांत लोणी वर्ज्य, त्यामुळे पूर्वी तो नुसतं पीठ, पाणी आणि तेल यांचा करायचे, आणि चवीचं नाव नको. शेवटी सॅक्सनीच्या राज्यकर्त्यांनी थेट रोमला गाऱ्हाणं घातलं. 1491 मध्ये आठव्या इनोसंट पोपने पत्र धाडलं: वापरा लोणी, पण दंड भरा. ते पत्र आजही 'लोणीपत्र' म्हणूनच ओळखलं जातं. पोपचं नावच इनोसंट असल्यामुळे त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्यात अर्थ नाही.

"उपासाला काय चालतं हे ठरवायला यांना पोप लागला," वहिनी म्हणाल्या. "आपल्याकडे सासू पुरते. आणि दंड नाही."

चोवीस तारखेला आम्ही नटूनथटून बाहेर पडलो. खजिनदारांच्या एक्सेल शीटमध्ये 24, 25 आणि 26 या तीन रकान्यांत 'ख्रिसमस सेलिब्रेशन' एवढंच लिहिलेलं होतं. दुपारी दोनच्या सुमाराला स्टॉलच्या फळ्या पडायला लागल्या. मग दुकानं बंद, मग कॅफे बंद. संध्याकाळी रस्त्यावर आम्ही आठजण आणि एक ट्राम. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं, की नाताळ कुठे आहे? त्या म्हणाल्या, "घरोघरी." पंचवीस आणि सव्वीस दोन्ही दिवस सुट्टीचे, दुकानं बंदच राहणार. आणि आज घरोघरी जेवायला काय? पुष्कळ घरांत बटाट्याचं सॅलड आणि उकडलेली सॉसेजेस, त्या म्हणाल्या. "म्हणजे बटाट्याची भाजी," वहिनी म्हणाल्या. खजिनदारांनी विमानाच्या तिकिटाला एका बटाट्याने भागायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आम्ही किटलीत पाणी उकळून पाकिटातला उपमा खाल्ला. खर्चाच्या ॲपवर त्याची नोंद 'ख्रिसमस डिनर' अशी आहे.

सव्वीस तारखेला पुन्हा गुरुवार, आणि तोही मार्गशीर्षातला शेवटचा. म्हणजे उद्यापन. पाच सवाष्णी हव्यात. ग्रुपमध्ये चारच, त्यातल्या एक खुद्द वहिनी. त्या तडक खाली गेल्या आणि रिसेप्शनवरच्या बाईंना मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमचं लग्न झालंय का?"

"घटस्फोट झालाय. आता पार्टनरबरोबर राहते."

वहिनी क्षणभर थबकल्या. पुण्यात याच वहिनींनी शेजारच्या घटस्फोटित मुलीला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर दोन बैठका घेतल्या होत्या, आणि बोलावलं नव्हतं.

"पार्टनर ठणठणीत आहे ना?"

"हो."

"मग झालं तर. आणि पाचवी मोजायला मी आहेच." कुंकू लागलं. ओटीला सफरचंद आणि ग्रुपने पुण्यासाठी घेतलेल्या श्टोलनचा तुकडा. वाण म्हणून वहिनींनी पर्समधून न्युरेंबर्गचा मग काढला. त्या बाईंनी मग उलटसुलट करून पाहिला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, की हा न्युरेंबर्गला परत केला असता तर डिपॉझिट मिळालं असतं. खजिनदार मागेच उभे होते.