साडेसदतीस

टोकियोतली कुठलीही कामाच्या दिवसाची सकाळ. धड जागंही न झालेल्या पोराच्या काखेत आई थर्मामीटर धरते. ताप असो, नसो, रोज. आलेला आकडा पाळणाघराच्या वहीत लिहायचा. रात्री किती वाजता झोपला, सकाळी काय खाल्लं, शी झाली का, तेही लिहायचं. वही आता बऱ्याच ठिकाणी मोबाईलवर आली. भरणारी बहुतेक घरांत अजून आईच.

पारा साडेसदतीस अंशांच्या खाली असेल तर दिवस सुरू. आपल्या मोजणीत साडेनव्याण्णव, म्हणजे अंग जरा कोमट. पण दुपारी पारा तिथवर चढला की पाळणाघरातून फोन येतो: घेऊन जा. मग सभा अर्धी राहते, काम अर्धं राहतं, आणि आई वरिष्ठांपुढे वाकून माफी मागत निघते. आजारी मूल ही माफी मागायची गोष्ट आहे का?

जपानी मुलं एकटी चालत शाळेला जातात, आपली खरकटी आपण उचलतात, याचे व्हिडिओ आपण एकमेकांना पाठवतो आणि 'शिस्त बघा' म्हणतो. त्या शिस्तीमागचे हात बघा. सदऱ्यावर नाव, मोज्यावर नाव, एकेका डायपरवर नाव, सगळं हाताने लिहिलेलं. सोमवारी झोपण्याच्या चादरी पोचवायच्या, शुक्रवारी धुवायला घरी आणायच्या. कित्येक पाळणाघरं तर दिवसभराचे घाण डायपर पिशवीत बांधून संध्याकाळी आईच्याच हाती द्यायची. ते तिथेच टाका, हे सांगायला सरकारला 2023 उजाडावं लागलं.

हे सगळं वाहते ती मामाचारी. मामा म्हणजे तिकडे आई; म्हणून ही आईची सायकल. एक मूल पुढे, एक मागे, उरलेल्या जागेत पिशव्या. पोलिसांनी 2008 मध्ये दोन मुलं बसवण्यावर कडक बंदी आणायचं ठरवलं, तेव्हा आया चिडल्या. दोघांना न्यायचं कसं, ते तुम्हीच सांगा! 2009 च्या जुलैपासून भक्कम बांधणीच्या सायकलींना परवानगी मिळाली.

आणि ही धावपळसुद्धा पाळणाघरात जागा मिळालेल्या आईची. 2016 मध्ये जागा नाकारलेल्या एका आईने नाव न देता संतापून लिहिलं. प्रश्न संसदेत गेला. पंतप्रधान शिंझो आबे म्हणाले, लिहिणारी निनावी आहे, खरंखोटं कसं तपासणार? थोड्याच दिवसांत संसदेसमोर आया उभ्या राहिल्या. हातातल्या फलकांवर लिहिलं होतं: जागा न मिळालेली ती मीच. इतकं नेमकं उत्तर मी दुसरं पाहिलेलं नाही.

बाप कुठे आहे? 2021 च्या सरकारी पाहणीत, सहा वर्षांखालचं मूल असलेल्या घरांत घरकाम आणि मुलं मिळून बायकोचे दिवसाला 7 तास 28 मिनिटं जातात, नवऱ्याचा 1 तास 54 मिनिटं. अशा एकटीच्या आईपणाला तिथे 'वान-ओपे' म्हणतात. रात्रपाळीत अख्खं हॉटेल एकट्याने चालवणाऱ्या नोकरासाठीचा हा शब्द. तो घरात शिरला आणि कुणाला चुकीचा वाटला नाही, यातच सगळं आलं.

सगळा दोष नवऱ्याच्या माथी मारणार नाही. त्याला रात्री उशिरापर्यंत अडकवणारी कचेरी तितकीच दोषी आहे. बापाला वर्षभरापर्यंत रजा देणारा कायदा आहे. 2012 मध्ये शंभरातले दोनसुद्धा बाप ती घेत नव्हते. 2023 मध्ये तीस घेऊ लागले, त्यातले बरेच थोड्याच दिवसांची. त्याच वर्षी टोकियोचा जननदर 0.99 वर आला, म्हणजे बाईमागे एक मूलही नाही. बायका मुलं का होऊ देत नाहीत, असं विचारणाऱ्या पुढाऱ्यांनी आठवडाभर ती सायकल चालवावी. पावसात.

पाळणाघराच्या फॉर्मवर तातडीचे फोन नंबर क्रमाने लिहायचे असतात. पहिला बहुधा आईचा असतो. तिथे बापाचा लिहा. साडेसदतीसचा फोन त्याच्या सभेत वाजू दे.