८९० चं देशप्रेम

आमच्या सोसायटीच्या दिवाळी समितीनं यंदा एकमतानं ठराव केला : रोषणाई फक्त स्वदेशी. टाकीच्या गळतीवर चार वर्षांत एकमत न झालेले सभासद उभे राहून टाळ्या वाजवत होते. ठरावाला दुसरी ओळ होती, ती बसून मंजूर झाली : खर्च गेल्या वर्षीएवढाच. बैठकीला उशिरा पोचल्याबद्दल खरेदी माझ्या गळ्यात पडली.

निघताना चेअरमनसाहेबांनी कानमंत्र दिला, "बारकोड बघा. ८९० नं सुरू झाला की माल आपला."

पुण्यातल्या तपकीर गल्लीत दुकानाच्या शेठनी माळांचा डबा पुढे सरकवला. वर तिरंगी पट्टा, आत ठळक अक्षरांत 'अभिमानाने भारतीय', आणि बारकोड ८९०. माझा ऊर भरून आला. शेठनी तो लगेच रिकामा केला.

"साहेब, ८९० म्हणजे कंपनीनं नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढंच. तुमच्या गाडीचं पासिंग एमएच १२, म्हणून गाडी काय पुण्यात बनली?"

माझी गाडी चेन्नईची. मी विषय बदलला. "मग मूळ देश कुठं लिहिलाय?"

"लिहिलाय की. आयात मालावर लिहावाच लागतो, कायदा आहे." शेठनी नखानं किमतीचं स्टिकर उचकटलं. खाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत चीन उभा होता.

"आता ऑनलाइनवाल्यांनाही दाखवावं लागतं, २०२० पासून," शेठ म्हणाले. "पण किंमत पहिल्या पानावर, देश शोधत बसायचा. गिऱ्हाईक शोधतंय कशाला?"

"यात देशी काहीच नाही?"

"आहे ना. खोकं शिवकाशीचं, पिन आमच्या पोरानं जोडली, आणि नफा पूर्ण स्वदेशी." मग जरा वरमून म्हणाले, "सरकारी खरेदीतसुद्धा निम्मं देशी असलं की पहिला वर्ग मिळतो. २० ते ५० टक्के, दुसरा वर्ग. तुम्हाला कितीतली हवी?"

आमच्या वेळी ३५ ला पास करायचे. मी विचार करतो म्हणालो आणि मंडईकडे वळलो.

बाबू गेनू चौकात एक मावशी आकाशकंदील घेऊन बसल्या होत्या. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, कडेला करंज्या. खळ अजून पुरती वाळली नव्हती.

"मावशी, हा कुठला?"

"कुठला म्हंजे? घरचा. रात्री केला."

मूळ देश इतका स्पष्ट मी कुठल्याच लेबलावर वाचला नव्हता. "केवढ्याला?"

"साडेतीनशे."

"साडेतीनशेत दोन द्या," मी म्हणालो.

जिभेला ते इतकं सवयीचं होतं की चौकाची पाटी नंतर दिसली. बाबू गेनू हा मुंबईतला गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या ट्रकपुढे आडवा झाला आणि त्याखाली गेला. त्याच्या नावाच्या चौकात मी स्वदेशी कंदिलामागे १७५ रुपये वाचवत होतो.

मावशी रागावल्या नाहीत. "दादा, दोन रातींचं काम हाय. स्वस्तातला पायजे तर गल्लीत जावा, तिथं बटन दाबलं की लागतो."

पाटीकडे न बघता साडेतीनशे दिले आणि कंदील समितीपुढे ठेवला. खजिनदारांनी बिल मागितलं, नव्हतं. चेअरमननी बारकोड शोधला, नव्हता. 'भारतीय' असं कुठंच छापलेलं नव्हतं. "हा स्वदेशी आहे याला पुरावा काय?" असं विचारून त्यांनी तो माझ्या खर्चानं माझ्या बाल्कनीत लावायची परवानगी दिली.

सोसायटीसाठी तिरंगी पट्ट्याचे बारा डबे आले. इतिवृत्तात सेक्रेटरींनी नोंद केली आहे : 'स्वदेशी रोषणाई. डबा पाहिला. खर्च गेल्या वर्षीएवढाच. मंजूर.'