शून्याखालचा वाचक

डिसेंबरात पुण्याचा पारा ११ वर आला की हा इसम तुम्हाला गाठतोच. गळ्यात मफलर, डोक्यावर कानटोपी, बगलेत जाडजूड रशियन कादंबरी. पुस्तक कसं आहे असं विचारलंत, तर उत्तर अंशांत मिळतं. जॅक लंडनची ‘टू बिल्ड अ फायर’? “उणे ७५! फॅरनहाइट हं. सेल्सिअसमध्ये उणे ५९.” कथा कशाबद्दल आहे हे तुम्ही विचारायचं नाही, तो सांगायचा नाही.

हा गृहस्थ साहित्य नव्हे, तापमान वाचतो असं माझं स्पष्ट मत आहे. पुरावा दस्तयेवस्कीचा. जानेवारीत गोधडीत शिरून तो ‘गुन्हा आणि शिक्षा’ उघडतो. कादंबरी सुरू होते ती जुलैच्या उकाड्यात, चुन्याच्या आणि धुळीच्या वासात. ‘व्हाइट नाइट्स’ हे नाव ऐकून त्याला हुडहुडी भरते. प्रत्यक्षात त्या पीटर्सबर्गच्या उन्हाळ्यातल्या, धड काळोख न होणाऱ्या रात्री. पण पठ्ठ्या डगमगत नाही. रशिया म्हटलं की उणेच! यावर कुणी म्हणेल, संक्रांतीला तिळगूळ खातो, उन्हाळ्यात आमरस ओरपतो, मग ऋतू बघून वाचलं तर बिघडलं कुठे? बिघडतं ते लेखकाचं. आंबा मे महिन्यात पिकतो, पुस्तक बाराही महिने तयारच असतं. त्यातल्या बर्फाचा कस बघायचाच तर नागपुरात, ४५ अंशांत, कूलरपुढे बसून बघावा. तिथे वाचकानं पाय पोटाशी घेतले तर ती लेखकाची करामत. डिसेंबरात अर्धं श्रेय गोधडीचं. आणि थंडीचं एवढं प्रेम असेल तर निफाड फार दूर नाही. पारा ५ च्या खाली गेला की तिथले शेतकरी पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात. ती बातमी वाचून आमचा वाचक म्हणतो, “फक्त ५?” आणि पान उलटून जॅक लंडनच्या युकॉनला जातो.

तरीही एक गोष्ट, नाइलाजानं का होईना, त्याच्या पदरात टाकावी लागते. ही पुस्तकं मुळात थंडीची नाहीतच, उबेची आहेत. गोगोलच्या १८४२ च्या ‘ओव्हरकोट’मधला कारकून अकाकी नव्या कोटासाठी संध्याकाळचा चहा सोडतो, बुटांचे तळवे झिजू नयेत म्हणून जपून पावलं टाकतो, आणि एवढं करून कॉलरला मांजराचंच कातडं परवडतं. जॅक लंडनचा माणूस शेकोटी पेटवतो ती झाडाखाली. फांदीवरचं बर्फ कोसळतं आणि ती विझते. थंडीसाठी वाचायला बसणारा हा हिशेबी प्राणी आकडे मोजत मोजत, चुकीच्या दारानं का होईना, नेमका त्या उबेपाशी पोचतो. आम्ही शहाणे ऋतूचा विधिनिषेध न पाळता वाचणार म्हणतो आणि हजार पानी कादंबऱ्या कपाटात नीट लावून ठेवतो. तो त्या संपवतो.

१९६२ साली प्रसिद्ध झालेल्या सोल्झेनित्सिनच्या ‘इवान देनिसोविच’मधले कैदी तर त्याच्याहून अधिक आशेनं थर्मामीटरकडे बघतात. उणे ४१ झालं तर त्या दिवशी कामाला जुंपणार नाहीत. इथे तरी आमचा वाचक आकड्यावर घसरेल असं वाटतं. पण या पुस्तकाबद्दल विचारलंत तर तो अंश सांगायचे विसरतो. इवान अर्धा पाव गादीत लपवून वरून टाके घालतो, एवढंच सांगतो. आणि मग, तुम्ही जेवलात का, असं विचारतो.