मोरीचा जीर्णोद्धार

सहकारी गृहरचना संस्थेतील सात फूट लांब व चार फूट रुंद अशा मोरीचे नूतनीकरण करावयाचे, हा ठराव कुटुंबात एकमताने संमत झाला, की अंदाजपत्रक नामक एक दस्तऐवज जन्मास येतो आणि राजवाड्याच्या खर्चालाही लाजवील अशा वेगाने वाढू लागतो. लाद्यांच्या दुकानात साक्षात इटलीचा संगमरवर, निदान मोरबीच्या भट्टीतून निघालेली त्याची छापील प्रतिकृती, चार बाय दोनच्या आकारात उभी असते; तीवर यजमानीणबाईंची दृष्टी एकदा स्थिरावली, की अवघ्या साडेतीन लाद्यांत सबंध जमीन उरकते (साडेतीन शहाण्यांच्या मुलखात हे प्रमाण शोभूनही दिसते), परंतु एवढ्या थोर लादीस नहाणी ट्रॅपच्या दिशेने फुटामागे निदान एक सूत उतार कसा द्यावा, या क्षुद्र प्रश्नात कोणासही रस नसतो. गवंडी तो विचारतो. त्यास गप्प केले जाते.

छतातून कोसळणाऱ्या कृत्रिम पर्जन्याची तजवीज मुक्रर होते, काचेच्या पडद्याचे दर मागविले जातात, आणि लादीखालचे जलरोधन, जे पुढे कोणास दिसावयाचे नाही, ते मात्र काटकसरीच्या नावाखाली प्रथम खारीज होते. दोन दिवस पाणी तुंबवून गळती तपासण्याचा रिवाज आहे खरा. ती तपासणी यथावकाश खालच्या बिऱ्हाडाचे गृहस्थ आपल्या छताच्या खर्चाने करतात, आणि तिचा अहवाल लेखी स्वरूपात सेक्रेटरींकडे सादर करतात.